अंड्याचा रंग, पिसांची नक्षी आणि कोंबडीचा बांधा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पारंपरिक जातींच्या कोंबड्यांची पैदास करणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. आशय सारखा असलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे यंदाच्या उबवणीतील ४० तलंगा (तरुण माद्या) आहेत. पिसांचा रंग, अंगाचा बांधा आणि अंड्याचा गडदपणा या तिन्ही गोष्टी एकदमच सुधाराव्यात असे वाटते. निवड नेमकी कोठून सुरू करावी?

उत्तर : आधी साधा हिशेब पाहू. तीन गुण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरले आणि प्रत्येक गुणाच्या बाबतीत वरचा निम्मा गट ठेवायचा ठरवला, तर तिन्ही कसोट्यांवर उतरणाऱ्या तलंगा एकूण संख्येच्या एक अष्टमांश, म्हणजे ४० पैकी ५ उरतात. कसोट्या पाच केल्या तर जेमतेम एखादी उरते. म्हणून सर्व गुणांकडे सारख्याच कडकपणे पाहणाऱ्याच्या हाती बहुधा कोणताच गुण लागत नाही. त्यांचा क्रम लावावा लागतो, आणि माझ्या मते तो असा असावा : प्रथम जोम आणि प्रजननक्षमता, मग बांधा, त्यानंतर अंडे आणि शेवटी पिसे.

पिसे शेवटी ठेवण्याचे कारण ती कमी महत्त्वाची आहेत हे नसून ती परत मिळवणे सोपे आहे, हे आहे. पिसांचे बहुतेक ठळक रंग एकेका मोठ्या परिणामाच्या जनुकावर ठरतात. असा रंग कळपातून निसटला तरी दुसऱ्या कळपातील एका पक्ष्याशी संकर करून पुढच्या दोन-तीन पिढ्यांत तो परत आणता येतो. पाठीची रुंदी, छातीच्या हाडाची लांबी, मांड्यांची ठेवण, शेपटीचा कोन या गोष्टी मात्र अनेक लहान लहान जनुकांच्या बेरजेतून घडतात. ती बेरीज विस्कटली की एका संकराने जुळत नाही, त्यासाठी अनेक पिढ्यांची निवड खर्ची पडते. जातीची ओळख बांध्यावर ठरते आणि रंगावर केवळ त्या जातीतील वाण ठरतो, ही प्रदर्शनातील परीक्षकांची जुनी भूमिका याच अनुभवातून आलेली आहे.

बांधा पाहताना डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. कोचीन जातीचा पक्षी पिसांमुळेच प्रत्यक्षाहून कितीतरी मोठा दिसतो, आणि दाट पिसाऱ्याच्या इतर जातींतही अरुंद पाठ सहज झाकली जाते. पक्षी उचलून दोन पायांमधील अंतर, पाठीची रुंदी शेपटीकडे किती निमुळती होते, आणि छातीचे हाड सरळ व पुरेसे लांब आहे का, हे चाचपून पाहावे. हे हाड वाकडे असेल तर लगेच आनुवंशिक दोष ठरवू नये, कारण हाडे कोवळी असताना अरुंद दांडीवर बसण्याच्या सवयीनेही ते वाकते. एका बाजूला कललेली शेपटी, कातरीसारखी चोच, पंखाच्या मुख्य पिसांमध्ये पडलेली फट किंवा एकेरी तुऱ्याच्या बाजूला फुटलेले कोंब हे दोष मात्र पैदाशीत ठेवू नयेत.

छाटणी एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. व्यंग असलेली पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेच वेगळी काढावीत, आठव्या आठवड्याच्या सुमारास वाढ खुंटलेली काढावीत, आणि पिसांविषयीचा निर्णय प्रौढ पिसे पूर्ण येईपर्यंत राखून ठेवावा. वाढत्या वयात पिसांचे एकाहून अधिक संच येतात आणि जातात, त्यामुळे लहानपणीची नक्षी फसवी असते. वजनाची तुलना नेहमी एकाच वयाच्या, एकाच उबवणीतील पक्ष्यांमध्ये करावी.

जोमाविषयी एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. अमेरिकेतील लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या व्याख्येनुसार पारंपरिक जातीच्या कोंबडीने नैसर्गिक समागमातून प्रजनन केले पाहिजे, तिची वाढ संथ असली पाहिजे, म्हणजे विक्रीयोग्य वजन १६ आठवड्यांच्या आत येता कामा नये, आणि मादी ५ ते ७ वर्षे उपयोगी राहिली पाहिजे. शेवटची अट केवळ पहिल्या वर्षाच्या तलंगांपासून पिल्ले काढणाऱ्याच्या कळपात कधी तपासलीच जात नाही. म्हणून पैदाशीच्या माद्यांपैकी काही तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षातल्या असाव्यात, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : माझ्या कोंबड्या पांढरी अंडी देतात. निळ्या अंड्यांच्या जातीचा कोंबडा त्यांच्यात सोडला तर अंडी निळी होतील का?

उत्तर : नाही. कवच पूर्णपणे मादीच्या शरीरात, तिच्या गर्भाशयात सुमारे २० तासांत तयार होते, आणि त्याचा रंग तिच्याच जनुकांवर ठरतो. कोंबड्याचा परिणाम दिसेल तो त्याच्या लेकी अंडी देऊ लागल्यावर.

प्रश्न : मग निळ्या अंड्यांचा गुण कोंबड्यामध्ये आहे की नाही, आणि असल्यास एकेरी की दुहेरी, हे कसे ओळखावे? ऑलिव्ह रंगाची अंडी मिळवण्याची पद्धतही सांगावी.

उत्तर : निळे कवच हा एकाच प्रभावी, म्हणजे एक प्रत असली तरी परिणाम दाखवणाऱ्या, जनुकाचा गुण आहे, हे ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ पनेट यांनी १९३३ मध्ये दाखवले. त्यामागचे कारण २०१३ मध्ये उलगडले : एका प्राचीन विषाणूचा तुकडा कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रात शिरून बसला आहे, आणि त्यामुळे तेथील एक जनुक गर्भाशयात कामाला लागून बिलिव्हर्डिन हे निळसर रंगद्रव्य कवचात पोहोचते. चिलीकडच्या अरौकाना वंशात आणि चीनच्या डोंगशियांग कोंबड्यांत हा तुकडा स्वतंत्रपणे शिरलेला आहे, हे मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

तपासणीसाठी तो कोंबडा शुद्ध पांढऱ्या अंड्यांच्या माद्यांना द्यावा. त्याच्याकडे जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर सर्व लेकी निळी अंडी देतील, एकच असेल तर साधारण निम्म्या देतील. एकेरी कोंबड्याच्या पाच लेकींनी योगायोगानेच सगळी निळी अंडी देण्याची शक्यता ३२ मध्ये १, आणि सात लेकींच्या बाबतीत १२८ मध्ये १ असते. म्हणून सात लेकींची साक्ष मिळाली की कोंबडा दुहेरी आहे असे मानण्यास हरकत नाही. त्यासाठी त्या लेकी अंड्यावर येईपर्यंत थांबावे लागते, एवढीच अडचण आहे. जनुकीय चाचणीची सोय असेल तर हा काळ वाचतो.

एक जवळची वाटही आहे. अरौकाना आणि तिच्यापासून निघालेल्या वंशांत निळ्या कवचाचे जनुक आणि वाटाणा तुऱ्याचे, म्हणजे तीन बुटक्या ओळींच्या तुऱ्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. अशा नराचा संकर एकेरी तुऱ्याच्या जातीशी केला आणि त्या संकरातील पक्षी पुन्हा एकेरी तुऱ्याच्या जातीला दिले, तर वाटाणा तुऱ्याची पिल्ले लहानपणीच निवडून ठेवता येतात. मात्र हे नाते त्या वंशापुरतेच आहे आणि अधूनमधून तुटतेही. ब्रह्माचा तुरा वाटाणाच असतो, पण ती तपकिरी अंडी देते. क्रीम लेगबारमध्ये तर एकेरी तुरा आणि निळे अंडे एकत्र नांदतात.

ऑलिव्ह रंगासाठी वेगळे रंगद्रव्य लागत नाही. निळा रंग कवचाच्या आरपार असतो आणि तपकिरी मुख्यतः वरच्या थरात. निळ्या कवचावर फिकट तपकिरी थर आला की अंडे हिरवे दिसते, गडद आला की ऑलिव्ह. म्हणून दुहेरी निळ्या वंशाचा नर आणि मारान्स किंवा वेल्समरसारख्या गडद अंड्यांच्या वंशातील मादी, अथवा याच्या उलट, अशी जोडी लावावी. पहिल्या पिढीतील माद्यांची अंडी अधिक गडद हवी असतील तर त्या पिढीचा संकर पुन्हा मारान्सशी करावा, मात्र त्यातून निघणाऱ्या साधारण निम्म्या माद्यांकडे निळे जनुक नसेल, हे आधीच हिशेबात धरावे.

प्रश्न : मी दर वर्षी सर्वांत गडद अंडी वेचून उबवते, तरीही माझ्या मारान्स कोंबड्यांची अंडी पिढीगणिक फिकट होत चालली आहेत. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपले पत्र सविस्तर आहे आणि त्यातच उत्तराचा मोठा भाग दडलेला आहे. आपण अंडी निवडता, परंतु ते अंडे कोणत्या कोंबडीचे हे नोंदवत नाही, आणि कोंबडा ‘मानेवरच्या तांबूस पिसांवरून’ निवडता असे लिहिले आहे.

तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे येतो. तो मुख्यतः अंडे बाहेर येण्यापूर्वीच्या शेवटच्या काही तासांत कवचावर बसतो, म्हणूनच ताजे, ओलसर अंडे घासले तर कधी कधी निघून येतो. हा गुण निळ्यासारखा एका जनुकाचा नाही. गडदपणा अनेक जनुकांच्या बेरजेने येतो, आणि त्यातील निम्मा वाटा पित्याकडून येतो. आपण मातांची बाजू वर्षानुवर्षे घट्ट धरली आहे आणि पित्याची सोडून दिली आहे. सुंदर मानेचा कोंबडा फिकट अंड्यांच्या मातेचा मुलगा असेल, तर तो आपली मेहनत दर पिढीला अर्धी पुसून टाकतो.

कोंबडा स्वतः अंडे देत नाही, तेव्हा त्याची परीक्षा नातलगांवरून करावी लागते. पहिली पायरी म्हणजे त्याची आई आणि सख्ख्या बहिणी. एकट्या आईपेक्षा चार-पाच बहिणींच्या अंड्यांची सरासरी अधिक विश्वासार्ह असते, कारण त्यांत पित्याचाही वाटा दिसतो. दुसरी आणि खरी पायरी म्हणजे त्याच्या लेकी. त्या अंड्यावर येईपर्यंत बहुतेक जण कोंबडा काढून टाकतात आणि मग लेकींची अंडी पाहून हळहळतात. दोन-तीन कोंबडे वेगवेगळ्या गटांत वापरून दुसऱ्या हंगामापर्यंत जपणे खर्चाचे आहे, परंतु गडद अंड्यांच्या पैदाशीत त्याला पर्याय नाही. सुंदर मानेच्या कोंबड्याविषयीचे आपले प्रेम समजण्यासारखे आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकावर असावे.

आता मातांकडे वळू. प्रत्येक मादीच्या पायात क्रमांकाची कडी घालावी आणि मादी आत गेल्यावर दार आपोआप पडेल अशी घरटी निदान हंगामातील काही आठवडे वापरावीत, म्हणजे अंडे कोणाचे याविषयी अंदाज करावा लागणार नाही. तुलना नेहमी अंडी देण्याच्या सारख्याच टप्प्यावर करावी. हंगामाच्या आरंभी रंग सर्वांत गडद असतो, सलग अंडी देत गेल्यावर तो फिकट होतो आणि पिसे झडून विश्रांती झाली की बराचसा परत येतो. आज अंड्यावर आलेल्या तलंगेचे अंडे चार महिने सतत देत असलेल्या कोंबडीच्या अंड्याशेजारी ठेवणे हा दुसरीवर सरळ अन्याय आहे. याच कारणाने निव्वळ गडद अंडी निवडणारा माणूस नकळत कमी अंडी देणाऱ्या माद्या निवडत जातो, कारण क्वचित अंडे देणारीचे अंडे गडद राहतेच. म्हणून हंगामाच्या मध्यावर, भरपूर अंडी देऊनही जिचा रंग टिकला आहे, अशी मादी मी सर्वांत मोलाची मानतो.

रंग मोजण्यासाठी डोळ्यांच्या आठवणीवर विसंबू नये. मारान्ससाठी फ्रान्समधील जातिसंघाची १ ते ९ अशी रंगपट्टी प्रचलित आहे आणि त्यात किमान ४ ही पायरी अपेक्षित असते. अशी पट्टी किंवा स्वतः रंगवलेले कार्ड अंड्याशेजारी ठेवून एकाच जागी, दिवसाच्या एकाच वेळी पाहावे. ठिपकेदार अंडे मोहक दिसते, पण ठिपके आणि तळाचा गडदपणा यांची नोंद वेगवेगळी करावी.

अखेरीस, सर्व दोष जनुकांवर टाकू नये. उष्णता, भीती, गर्दी आणि वाढते वय यांनी रंग उतरतो. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिससारख्या आजारानंतर कवच फिकट आणि खडबडीत होऊ शकते, आणि कॉक्सिडिओसिस या आतड्यांच्या आजारावरील निकारबॅझिन हे औषध चुकून अंड्यावरच्या माद्यांच्या खाद्यात आले तर तपकिरी अंडी पांढुरकी पडतात. सगळ्याच माद्यांचा रंग एकाच आठवड्यात उतरला असेल तर आधी खाद्य आणि आरोग्य तपासावे. रंग पिढीगणिक उतरत असेल, जसे आपल्याकडे झाले आहे, तर कोंबडा बदलावा.

प्रश्न : निळसर करड्या पिसांच्या अँडलुशियन जोडीपासून काळी आणि मळकट पांढरी पिल्लेही निघतात. वंश शुद्ध नाही का? शिवाय माझ्या प्लायमाउथ रॉक कळपात पट्टेदार कोंबडे माद्यांपेक्षा नेहमी फिकटच का असतात?

उत्तर : पहिल्या प्रश्नात अशुद्धतेचा संबंध नाही. निळसर रंग हा काळ्या पक्ष्यात एकाच फिकटकारी जनुकाची एक प्रत आल्याने दिसतो. दोन प्रती आल्या तर पक्षी शिंतोडे उडाल्यासारखा पांढुरका होतो, एकही नसेल तर काळा राहतो. त्यामुळे निळसर जोडीपासून सरासरीने एक चतुर्थांश काळी, निम्मी निळसर आणि एक चतुर्थांश पांढुरकी पिल्ले मिळणारच. सर्व पिल्ले निळसर हवी असतील तर काळ्या पक्ष्याला शिंतोड्यांचा पक्षी द्यावा. मात्र अँडलुशियनच्या पिसाला गडद काठ असतो आणि तो या जनुकाने येत नाही, म्हणून त्यासाठी निवडलेल्या काळ्या आणि पांढुरक्या भावंडांचाच उपयोग करावा, परक्या काळ्या कोंबड्याचा नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिंगगुणसूत्रांत आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू असते. पट्ट्यांचे जनुक झेडवर असल्यामुळे शुद्ध वंशातील कोंबड्याला त्याच्या दोन प्रती मिळतात आणि त्याचे पांढरे पट्टे रुंद होतात, तर मादीला एकच मिळते आणि ती गडद दिसते. प्रदर्शनात नर-मादी सारख्या छटेचे हवेत, असा आग्रह धरला गेला तेव्हा पैदासकारांना दोन स्वतंत्र वंशओळी ठेवाव्या लागल्या : एक उत्तम नर देणारी, जिच्या माद्या फारच गडद असत, आणि दुसरी उत्तम माद्या देणारी, जिचे नर फारच फिकट असत. मानकाने निसर्गाविरुद्ध मागणी केली की असा दुप्पट खर्च येतो. घरगुती कळपात हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याच फरकाचा उपयोग करून केंब्रिजमध्ये पनेट आणि पीझ यांनी लेगबारसारख्या जाती घडवल्या, ज्यांत पिल्लू अंड्यातून निघताच त्याच्या लवीच्या छटेवरून नर-मादी ओळखता येते.

प्रश्न : कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या माद्यांना दिला तेव्हा संकरित माद्या काळ्या कातडीच्या आणि नर फिकट निघाले. असे का?

उत्तर : काळ्या कातडीचे जनुक प्रभावी आहे, पण कातडीत काळे रंगद्रव्य पसरण्यास अडथळा आणणारे दुसरे एक प्रभावी जनुक झेड गुणसूत्रावर असते, आणि पिवळ्या पायांच्या बहुतेक जातींकडे ते असते. आपल्या संकरात लेकींना झेड केवळ कडकनाथ पित्याकडून, म्हणजे अडथळ्याविना मिळाला, तर मुलांना मातेकडून अडथळाही मिळाला. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्ये काळ्या कातडीच्या सिल्की जातीवर असाच प्रयोग मांडला होता. जोडी उलटी लावली तर नर आणि मादी दोन्ही फिकटच निघतील. काळ्या कातडीचा अंड्याच्या रंगाशी संबंध नाही, कडकनाथचे अंडे फिकट तपकिरीच असते.

प्रश्न : कानाच्या पाळीच्या रंगावरून अंड्याचा रंग सांगता येतो का?

उत्तर : भूमध्यसागरी प्रदेशातील जातींत पांढरी पाळी आणि पांढरे अंडे बहुधा सोबत असतात, म्हणून हा समज रुजला. डॉर्किंगची पाळी लाल असून ती पांढरी अंडी देते, आणि लाल पाळीची अरौकाना निळी. निवडीसाठी हा निकष वापरू नये.

प्रश्न : अरौकानाच्या अंड्यांत पूर्ण वाढ झालेली पिल्ले कवचातच मरतात. उबवणी यंत्रात दोष असावा का?

उत्तर : तापमान आणि आर्द्रता अवश्य तपासावी, पण दोन्ही पालकांच्या कानांजवळ पिसांचे झुपके असतील तर कारण वेगळे आहे. झुपक्यांच्या जनुकाच्या दोन प्रती मिळालेली पिल्ले जगत नाहीत, म्हणून अशा जोडीची सुमारे एक चतुर्थांश पिल्ले अंड्यातच जातात. झुपकेदार पक्ष्याला बिनझुपक्याचा जोडीदार दिला की हे मरण थांबते आणि निम्मी पिल्ले तरीही झुपकेदार मिळतात. आखूड पायांच्या जपानी बँटममध्येही हाच नियम आहे, तेथे आखूड पायांच्या पक्ष्याला लांब पायांचे भावंड द्यावे. वायंडॉटच्या चपट्या, दाणेदार तुऱ्याची गोष्ट निराळी : त्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या नराच्या शुक्रजंतूंची हालचाल मंद असते. कळपात अधूनमधून निघणारा एकेरी तुऱ्याचा पक्षी त्यामुळे लगेच काढून टाकू नये, फलनक्षमतेसाठी तो उपयोगीच पडतो.

प्रश्न : जागेअभावी १२ माद्यांना एकच कोंबडा ठेवतो. नवे रक्त किती वर्षांनी आणावे?

उत्तर : माद्या कितीही असल्या तरी पुढच्या पिढीचा निम्मा वारसा त्या एका कोंबड्याचाच असतो. आनुवंशिकतेच्या प्रचलित सूत्राने आपल्या कळपाची परिणामकारक संख्या, म्हणजे वारशाच्या दृष्टीने खरोखर मोजावी अशी पक्ष्यांची संख्या, ४ पेक्षाही कमी भरते आणि दर पिढीला निकट-प्रजनन सुमारे १३.५ टक्क्यांनी वाढते. त्याच १२ माद्यांना चार कोंबडे दिले तर ती संख्या १२ होते आणि वाढ सुमारे ४ टक्क्यांवर येते. म्हणून परके रक्त आणण्याआधी स्वतःचे नर वाढवावेत. परका कोंबडा आपल्या वर्षानुवर्षांच्या निवडीत अनोळखी अंड्यांचा रंग आणि अनोळखी दोषही घेऊन येतो.

माद्यांचे तीन किंवा चार गट करावेत. प्रत्येक गटातील लेकी आईच्याच गटात ठेवाव्यात आणि निवडलेले मुलगे पुढच्या क्रमांकाच्या गटात न्यावेत, शेवटच्या गटाचे पहिल्यात. या फिरत्या पद्धतीने लहान कळपही पुष्कळ वर्षे बाहेरच्या पक्ष्याविना चालतो. चार खुराडी नसतील तर एकाच जागेत कोंबडे आळीपाळीने सोडता येतात, मात्र मादीच्या शरीरात शुक्रजंतू दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकू शकतात. म्हणून कोंबडा बदलल्यावर तीन आठवड्यांपर्यंतची अंडी उबवणीसाठी घेऊ नयेत आणि त्यानंतरच्या प्रत्येक अंड्यावर गटाचा क्रमांक व तारीख पेन्सिलीने लिहावी.